व्यापारी, सरकार आणि आपला खिसा

आखातात धोरण फक्त राजवाड्यात ठरते, असे आपण सहज म्हणून जातो. मी सॉफ्टवेअरवाला, अर्थशास्त्री नव्हे. पण बहारीनमधल्या कामगार शुल्काची हकिगत पाहिली की हे तितकेसे खरे वाटत नाही.

परदेशी माणूस स्वस्तात मिळतो म्हणून मालक बहारीनी तरुणांना घेत नाहीत. तेव्हा परदेशी माणूसच महाग करावा, असा सरकारचा विचार होता. त्यासाठी २००६ च्या कायद्याने एलएमआरए ही संस्था स्थापन झाली. २००८ पासून प्रत्येक परदेशी कामगारामागे मालकाने महिना १० दिनार भरायचे ठरले. २००९ मध्ये मालकाच्या संमतीशिवाय नोकरी बदलण्याची मुभाही मिळाली.

व्यापाऱ्यांना दोन्ही गोष्टी रुचल्या नाहीत. त्यांचे चेंबर १९३९ पासूनचे, आखातातले सर्वांत जुने. छोटी दुकाने बुडतील, हा त्यांचा मुद्दा अगदीच खोटा नव्हता. २०११ ची अशांतता आली आणि सरकारला, माझ्या मते, व्यापाऱ्यांना दुखावणे परवडेना. शुल्क स्थगित झाले. त्याच वर्षी संमतीशिवाय नोकरी बदलण्याआधी एक वर्ष थांबण्याची अट आली. २०१३ मध्ये शुल्क परतले, पण पहिल्या पाच कामगारांना निम्म्या दराने. कायदा व्यापाऱ्यांनी लिहिला नव्हता. त्याची धार मात्र बोथट झाली.

तेलापूर्वी चित्र उलटे होते. कुवेतचा अमीर व्यापाऱ्यांच्या जकातीवर अवलंबून होता, म्हणून १९३८ मध्ये त्यांनी सरळ निवडलेली मजलिस मागितली आणि काही महिने चालवलीही. तेलानंतर व्यापारीच सरकारी कंत्राटांवर अवलंबून राहू लागले. आता सत्ता कोणी मागत नाही, सवलत मागतात.

सौदीत २०१७ मध्ये आश्रितांवर माणशी महिना १०० रियाल शुल्क आले. ते २०२० पर्यंत ४०० झाले. कंपन्यांवरही कामगारांमागे शुल्क होतेच. २०१९ मध्ये कारखान्यांचे शुल्क पाच वर्षे सरकारने उचलायचे ठरवले. आश्रितांचे तसेच राहिले. बायकामुलांचे चेंबर कुठे असते?

पत्नी आणि दोन मुले धरली तर २०२० च्या दराने वर्षाला १४,४०० रियाल होतात. सौदीतली नोकरी घेणाऱ्यांनी ही रक्कम कंपनी देणार की आपण, हे सही करण्यापूर्वी लेखी घ्यावे. तोंडी आश्वासनावर बिऱ्हाड हलवू नये.