पाणी, मीठ आणि साखर : उन्हाळी सायकलस्वारीने शिकविलेला धडा

स्मरणिकेच्या संपादकांनी यंदा ‘सर्वांच्या उपयोगी पडेल असे काही लिहा’ अशी आज्ञा केली. आपल्या मंडळातील बरेच सभासद पन्नाशीच्या आसपास पुन्हा सायकलीवर बसू लागले आहेत. पहाटे सुपर कॉरिडॉरवर दोन फेऱ्या मारायच्या आणि परतताना पोहे-जिलबी खाऊन कमावलेले सारे गमवायचे, हा आपला इंदुरी व्यायाम सर्वांच्या परिचयाचा आहे. तो निरुपद्रवी आहे. परंतु उन्हाळ्यात साठ-सत्तर किलोमीटरचा पल्ला गाठायचा असेल, तर सायकलीला लावलेल्या बाटलीत काय भरावे व त्यातले किती प्यावे, हा प्रश्न साधा राहत नाही. तो मला एका चुकीतून शिकावा लागला. ती चूक माझी होती आणि तिचा भुर्दंड दुसऱ्याच कोणाला भरावा लागला. म्हणून हा लेख उपदेशाचा कमी आणि कबुलीचा अधिक आहे.

त्या रविवारची गोष्ट

२०१८ च्या एप्रिल अखेरचा रविवार. आम्ही सहाजण पहाटे पाचला इंदूरहून ओंकारेश्वरकडे निघालो. सिमरोलपर्यंत माळव्याची गार हवा सोबतीला असते. भेरूघाट उतरला की पठार संपते आणि निमाडची उष्णता अंगावर येते. आमच्यात एक तरुण निवासी डॉक्टर होती. शरीरयष्टी किरकोळ, वजन अठ्ठेचाळीस किलो, आणि इतका लांब पल्ला आयुष्यात पहिलाच. ज्येष्ठ म्हणून तिची काळजी मी स्वतःकडे घेतली व निघतानाच बजावले, “बेटा, तहान लागायची वाट पाहायची नाही. दर पंधरा मिनिटांनी पाव लिटर पाणी गेलेच पाहिजे.” ती आज्ञाधारक होती. वाटेत जेथे थांबू तेथे मी तिची बाटली भरून देत होतो आणि ती रिकामी झालेली पाहून समाधान पावत होतो. खाणे मात्र एका केळ्यापलीकडे झाले नव्हते.

साडेदहाच्या सुमारास बडवाह आले तेव्हा तिचे डोके दुखू लागले होते. बोटातली अंगठी रुतत होती. सायकलवरून उतरताच तिला उलटी झाली आणि ‘आपण कोठे आहोत?’ हे तिने दोनदा विचारले. उन्हाळा, उलटी, ग्लानी! माझे निदान तत्काळ झाले : शरीरातील पाणी कमी झाले. मी तिला आणखी दोन पेले पाणी पाजले. गावातील एका नर्सिंग होममध्ये नेल्यावर पाच टक्के डेक्स्ट्रोजची बाटली लावण्यास मीच सांगितले.

आमचे फिजिशियन मित्र मागून येऊन पोहोचले. त्यांनी अंगाला हात लावून पाहिला, ताप नव्हता. मग मला एकच प्रश्न विचारला, “अरे, ही सकाळपासून किती पाणी प्यायली?” मी हिशेब केला. पाच लिटरांहून अधिक! त्यांनी बाटली लावू दिली नाही. तिला काट्यावर उभे केले. कपड्यांचा आणि काट्यांचा फरक जमेस धरला, तरी वजन घटण्याऐवजी दीड-दोन किलोंनी वाढलेले होते. रक्तातील सोडियम आले १२५. तीन टक्के सलाईन शंभर मिलिलिटर दिल्यावर तासाभरात ती नीट बोलू लागली. दुसऱ्या दिवशी इंदूरला ती बरी होती. मी मात्र बरेच दिवस बरा नव्हतो. डेक्स्ट्रोजची ती बाटली लागली असती तर पुढे मेंदूला सूज आणि आकडी, हे मी विद्यार्थ्यांना वर्षानुवर्षे शिकवीत आलो होतो.

घामात काय जाते?

घाम खारट असला तरी रक्ताइतका खारट नसतो. रक्तात लिटरमागे सोडियम १३५ ते १४५ मिलिमोल असते. घामात ते सामान्यतः २० ते ८० च्या दरम्यान, व्यक्तीव्यक्तीनुसार वेगळे. ज्याच्या काळ्या बनियनवर पांढरे नकाशे उमटतात, त्याचा घाम अधिक खारट समजावा. घामाचे प्रमाणही तासाला अर्ध्या लिटरपासून दोन लिटरपर्यंत असू शकते. तेव्हा ‘दर तासाला इतके प्या’ असा सर्वांना लागू पडणारा आकडा अस्तित्वात नाही. माझी चूक येथेच झाली. ऐंशी किलोंच्या, जोराने पॅडल मारणाऱ्या पुरुषाचे माप मी अठ्ठेचाळीस किलोंच्या, सावकाश चालणाऱ्या मुलीला लावले.

दीर्घ श्रमाच्या वेळी शरीरात एडीएच हे संप्रेरक वाढलेले असते. एरवी जादा पाणी मूत्रपिंडे सहज बाहेर टाकतात. या वेळी ती ते धरून ठेवतात. परिणामी रक्त पातळ होते. बोस्टन येथील २००२ सालच्या मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले गेले. त्यांपैकी १३ टक्क्यांचे सोडियम १३५ वा त्याखाली होते आणि तिघांचे १२० वा त्याहूनही कमी. हा अभ्यास २००५ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झाला. शर्यतीत वजन वाढणे हा त्यात आढळलेला सर्वांत ठळक धोका होता. काय प्यायले, यापेक्षा किती प्यायले याला महत्त्व होते. बाजारातील क्रीडापेयही रक्ताच्या मानाने पातळच असते. ते अति प्यायले तर संरक्षण मिळत नाही.

आतड्यातील जोडदरवाजा

आता बाटलीत काय असावे ते पाहू. येथे आम्हा बालरोगतज्ज्ञांचे जुने ज्ञान कामी येते. लहान आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम एकमेकांचा हात धरून आत शिरतात आणि त्यांच्यामागोमाग पाणी येते. हे तत्त्व रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली मांडले. १९७१ च्या बांगलादेश युद्धकाळात बनगावच्या निर्वासित छावणीत डॉ. दिलीप महालनबीस यांनी पिंपांतून मीठ-साखरेचे पाणी पाजले आणि पटकीचा मृत्युदर सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्या आत आणला. त्यांना २०२३ साली मरणोत्तर पद्मविभूषण जाहीर झाले. जगातील असंख्य मुले ज्या पुडीने वाचली, तिच्यामागे हाच जोडदरवाजा आहे.

साखर प्रमाणात असेल तरच हा दरवाजा उपयोगाचा. पेयात ती सहा-आठ टक्क्यांहून जास्त झाली की जठर रिकामे होण्यास वेळ लागतो, आतड्यात उलट पाणी ओढले जाते आणि पोटात डुचमळते. अतिगोड पेय पिऊन घाट चढलेल्यांना हे निराळे सांगण्याची गरज नाही.

कोणते पेय केव्हा?

साधे पाणी : तासाभराच्या फेरीला हे पुरेसे आहे. सकाळचा नाश्ता आणि दुपारचे जेवण गेलेले मीठ भरून काढतात.

घरचे लिंबूसरबत : दीड-दोन तासांहून अधिक पल्ल्यासाठी माझी पहिली पसंती हीच. ७५० मिलिलिटरच्या बाटलीत मीठ दीड ग्रॅम, म्हणजे चहाचा सपाट पाव चमचा. साखर ३५ ते ४० ग्रॅम, म्हणजे सपाट आठ-नऊ चमचे. आणि अर्धे लिंबू. यात सोडियम लिटरमागे सुमारे ३४ मिलिमोल आणि साखर पाच टक्के पडते. आरंभी एकदा तरी काट्यावर वजन करून घ्यावे, कारण प्रत्येक घरचा ‘चमचा’ निराळा असतो.

ओआरएस अर्थात जलसंजीवनी : जागतिक आरोग्य संघटनेच्या २००२ पासूनच्या सूत्रात लिटरमागे सोडियम ७५ मिलिमोल आणि ग्लुकोज साडेतेरा ग्रॅम असते. हे अतिसाराचे औषध आहे. घाम फार खारट असणाऱ्यांना लांब पल्ल्यात ते चालते. पण त्यातून ऊर्जा थोडीच मिळते, म्हणून सोबत केळे, खजूर वा चिक्की हवी. एक लिटरची पुडी एक लिटरमध्येच विरघळवावी. तीच पुडी अर्ध्या लिटरच्या बाटलीत टाकली तर सोडियम १५० होते, रक्ताहूनही खारट! पुडी पेल्यात कालवणाऱ्या मातांना आपण जे समजावतो, ते सायकलस्वार डॉक्टरांनाही समजावावे लागते.

बाजारातील क्रीडापेये : यांचा उगम १९६५ साली फ्लोरिडा विद्यापीठात, तेथील फुटबॉलपटूंसाठी झाला. साखर सहा टक्के आणि सोडियम साधारण २० मिलिमोल. वाईट नाहीत, परंतु घरच्या सरबताहून वेगळे असे काही त्यांत नाही.

नारळपाणी : पोटॅशियम भरपूर, सोडियम कमी. घामात जाते ते नेमके उलटे. विश्रांतीच्या वेळी जरूर घ्यावे, बरोबर खारे दाणे असावेत. मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी किंवा रक्तदाबाची पोटॅशियम वाढविणारी औषधे घेणाऱ्यांनी जपून.

ताक आणि पन्हे : मीठ घातलेले ताक मुक्कामी पोहोचल्यावर उत्तम, बाटलीतून उन्हात नेऊ नये. पन्हे आपल्याकडे गोड करण्याची रीत आहे, तेव्हा ते पाणी घालून पातळ करावे व चवीला मीठ वाढवावे.

उसाचा रस, कोला आणि शिकंजी : पहिल्या दोहोंत साखर दहा टक्के वा अधिक आणि मीठ नगण्य. रसवंतीच्या बर्फाविषयी डॉक्टरांना काय सांगावे! आपली इंदुरी शिकंजी हे तर घट्ट दुधाचे पक्वान्न. तिचा मान सराफ्यातच राखावा.

ग्लुकोजची पूड : बहुतेक लोक हिला शक्तिवर्धक समजतात. मिठाशिवाय ती केवळ साखर आहे.

किती प्यावे?

उत्तर सोपे आहे : तहान लागेल तेव्हा, तहान भागेल इतके. मी हेटाळलेली ती तहान बहुतांशी विश्वासू असते. अधिक नेमकेपणा हवा असेल तर निघण्यापूर्वी आणि परतल्यावर कोरड्या, कमीत कमी कपड्यांत वजन करावे. एक किलो म्हणजे एक लिटर. घटलेल्या वजनात प्यायलेले पाणी मिळवून, लघवीचा अंदाज वजा करून तासांनी भागले की आपल्या घामाचा दर मिळतो. वजन दोन टक्क्यांपर्यंत घटले तर चिंता नाही. ते वाढता मात्र कामा नये. थायझाइड गटातील औषध घेणाऱ्यांनी विशेष सावध राहावे. गुडघे दुखू नयेत म्हणून निघताना वेदनाशामक गोळी घेण्याची सवय मूत्रपिंडे आणि सोडियम या दोहोंच्या दृष्टीने घातक आहे.

वाटेत कोणी ग्लानीत गेला, तर अंग तापलेले असल्यास उष्माघात समजून आधी शरीर थंड करावे. अंग फारसे तापलेले नाही, बोटे सुजलेली, पाणी भरपूर प्यायलेले, अशी स्थिती असेल तर आणखी पाणी देऊ नये, डेक्स्ट्रोज तर मुळीच लावू नये. प्रथम सोडियम तपासावे.

मुलांविषयी

सुट्टीत नातवंडे सायकलीवर सोबत येतात. त्यांना सावली, वारंवार विश्रांती व साधे पाणी पुरते. पल्ला लांबला तर वरील सरबत. कॅफिनयुक्त ‘एनर्जी’ पेयांना मुलांच्या आहारात स्थान नाही, असे अमेरिकन अकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्सने २०११ सालीच स्पष्ट केले आहे. ‘ओआरएस’ हे नाव मिरविणारी गोड पेये अनेक वर्षे औषधांच्या दुकानांत विकली जात होती आणि आयाबाया ती अतिसारातही पाजत होत्या. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्याविरुद्ध दीर्घकाळ लढा दिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये अन्नसुरक्षा व मानके प्राधिकरणाने अशा पेयांच्या नावात ‘ओआरएस’ शब्द वापरण्यास मनाई केली. तरीही वेष्टनावरील सूत्र वाचण्याची सवय आपण पालकांना लावावीच.

ती निवासी डॉक्टर आज स्वतः सल्लागार आहे आणि अजून आमच्याबरोबर सायकल चालविते. त्या प्रसंगाविषयी तिने मला कधी दूषण दिले नाही. फक्त लांबच्या पल्ल्याला निघताना ती हसत विचारते, “सर, आज वजन करून निघालात ना?” मी निमूटपणे आकडा सांगतो. सभासद मित्रहो, आपणही सांगता यावा अशी सवय ठेवा. पाणी हे जीवन खरे; पण आपण डॉक्टरांनी तरी त्याची मात्रा ठरविल्यावाचून ते कोणाला पाजू नये.