सायकलस्वारांची सभा

नेदरलँड्स हा युरोपच्या वायव्य किनाऱ्यावरील एक लहानसा देश आहे. आपल्याकडे पुष्कळ लोक त्याला हॉलंड या नावाने ओळखतात. या देशाची भूमी इतकी सपाट आहे की, बहुतेक ठिकाणी डोंगर तर राहोच, साधी टेकडीदेखील दृष्टीस पडत नाही. उत्तर समुद्रावरून येणाऱ्या वाऱ्याला अडविणारे काही नसल्यामुळे तो रस्त्यांवरून मोकाट धावत असतो. त्या वाऱ्याशी झुंज देत, अंगावर पाऊस झेलीत, तेथील आबालवृद्ध सायकलवरून ये-जा करतात. देशाची लोकसंख्या सुमारे १ कोटी ८० लाख. आणि सायकलींची संख्या मात्र २ कोटींहून अधिक!

या देशात सायकलस्वारांची एक संघटना आहे. तिची स्थापना १९७५ साली झाली. तीस हजारांहून अधिक लोक तिचे सभासद असून तिच्या शाखा गावोगावी पसरलेल्या आहेत. या शाखांचे काम करणारे लोक पगारी नोकर नसतात. कोणी शिक्षक असतो, कोणी परिचारिका असते, कोणी कामावरून निवृत्त झालेले वृद्ध गृहस्थ असतात. आपापला उद्योग सांभाळून ते हे काम करीत असतात. वर्षातून एकदा शाखेचे सभासद एकत्र जमतात. हीच त्यांची वार्षिक सभा होय.

अशा सभेत पाहण्यासारखे विशेष काही नसते. संध्याकाळची वेळ असते. दाराबाहेर सायकली ओळीने उभ्या असतात. आत साधी टेबले व खुर्च्या मांडलेल्या असतात. थंडीतून आलेली मंडळी प्रथम गरम कॉफी घेतात व मग कामाला सुरुवात होते. मागील सभेचे इतिवृत्त वाचून मंजूर केले जाते. चिटणीस वर्षभराच्या कामाचा अहवाल सादर करतात. खजिनदार जमाखर्च मांडतात. सभासदांपैकीच काहींनी तो हिशेब आधी तपासलेला असतो. पैचाही गोंधळ कोणी खपवून घेत नाही. त्यानंतर नव्या वर्षासाठी पदाधिकारी निवडले जातात. तुमच्यापैकी कोणी अशा सभेला गेला, तर पहिल्या अर्ध्या तासातच त्याला जांभया येऊ लागतील.

परंतु सभेचा खरा प्राण अखेरीस असतो. सभा संपविण्यापूर्वी एकेका सभासदाकडे वळून, “आपणांस काही सांगावयाचे आहे काय?” असे विचारण्याची तेथे जुनी रीत आहे. मग एकेक जण बोलू लागतो. एक आई म्हणते, “शाळेजवळच्या चौकातील हिरवा दिवा फार लवकर विझतो. लहान मुले रस्त्याच्या मध्यावरच अडकतात.” एक वृद्ध गृहस्थ म्हणतात, “पुलाच्या उताराशी जो खांब आहे, तो अंधारात दिसत नाही. त्यावर पांढरा रंग हवा.” तिसरा सांगतो, “ट्रामचा रूळ जेथे वळतो, तेथे सायकलचे चाक रुळाच्या खाचेत अडकते.” प्रत्येक गोष्ट लिहून घेतली जाते. त्या वर्षी कोणकोणत्या धोक्याच्या जागांकडे नगरपालिकेचे लक्ष वेधावयाचे, याची यादी अशा रीतीने तयार होते.

येथे कोणाच्याही मनात शंका येईल. ज्या देशात घरोघरी सायकली आहेत, जेथे सायकलींसाठी तांबड्या रंगाच्या स्वतंत्र वाटा आहेत, चौकाचौकांत सायकलचे चित्र असलेले निराळे दिवे आहेत, त्या देशातील सायकलस्वारांना सभा भरविण्याचे प्रयोजन काय? या शंकेचे उत्तर मिळण्यासाठी आपणांस सुमारे पन्नास वर्षे मागे गेले पाहिजे.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी सायकल हेच त्या देशातील सर्वसामान्य माणसाचे वाहन होते. युद्धानंतर देशाची भरभराट झाली. लोकांच्या हाती पैसा खेळू लागला आणि रस्त्यांवर मोटारींची गर्दी झाली. मोटारींना जागा हवी म्हणून रस्ते रुंद करण्यात आले. कित्येक ठिकाणी जुनी घरे पाडली गेली, कालवे बुजविले गेले. सायकल ही आता मागे पडलेली वस्तू आहे, असे मोठमोठे जाणते लोकही समजू लागले. सायकलस्वाराला रस्त्याच्या कडेला, मोटारींच्या भरधाव रांगेशेजारी, जीव मुठीत धरून जावे लागे.

या प्रगतीची किंमत फार मोठी होती. १९७१ या एकाच वर्षी त्या छोट्याशा देशात रस्त्यांवरील अपघातांत तीन हजारांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत चारशेहून अधिक मुले होती. सकाळी दप्तर घेऊन निघालेले मूल संध्याकाळी घरी परत येईलच, अशी खात्री कोणत्याही आईला देता येईना.

विक लांगनहोफ नावाचे एक पत्रकार होते. त्याच वर्षी त्यांची सहा वर्षांची मुलगी सायकलवरून शाळेत जात असता मोटारीखाली सापडून मरण पावली. पित्याचे दुःख शब्दांत कसे मावणार? परंतु लांगनहोफ केवळ शोक करीत बसले नाहीत. १९७२ साली त्यांनी वर्तमानपत्रात एक लेख लिहिला. ‘बालहत्या थांबवा’ हे त्याचे शीर्षक होते. अशा मृत्यूला अपघात म्हणून स्वस्थ बसणे त्यांना मान्य नव्हते. रस्ते माणसे बांधतात. तेव्हा ते सुरक्षित बांधणे हेही माणसांच्याच हाती आहे, हे त्यांना समाजाच्या गळी उतरवावयाचे होते.

त्या लेखाने देश हलला. त्याच नावाची चळवळ उभी राहिली. मार्त्ये व्हान पुटन या तरुण माता तिच्या पहिल्या अध्यक्षा झाल्या. पुढे त्या युरोपीय संसदेच्या सदस्याही झाल्या. या चळवळीतील आईबाप मुलांना घेऊन ज्या ठिकाणी अपघात होत, त्या ठिकाणी जाऊन उभे राहत. कधी ते गल्लीतील वाहतूक थांबवून तेथे टेबले मांडीत आणि शेजारीपाजारी मिळून भर रस्त्यात जेवणाची पंगत बसे. मुले रस्त्यावर खेळत. रस्ता हा घरांसमोरील अंगणासारखा सर्वांचा आहे, हे त्यांना दाखवून द्यावयाचे होते.

या लढ्यात मुलेही मागे नव्हती. ॲम्स्टरडॅम शहरात ‘दे पैप’ नावाची दाट वस्ती आहे. तेथील अरुंद गल्ल्या मोटारींनी भरून गेल्या होत्या व मुलांना खेळावयास जागा उरली नव्हती. १९७२ साली तेथील शाळकरी मुलांनी घरोघर हिंडून सह्या गोळा केल्या आणि आपल्या गल्लीतून मोटारी जाऊ देऊ नयेत, अशी मागणी केली. त्यांनी गल्ली अडवून खेळ मांडला, तेव्हा काही मोटारचालक रागावून अंगावर धावून आले. तरीही मुलांनी माघार घेतली नाही. त्यांच्या या खटाटोपाचे चलच्चित्र त्या वेळी घेण्यात आले असून ते आजही पाहावयास मिळते. ती मुले तुमच्याच वयाची होती.

१९७३ च्या अखेरीस तेलाची टंचाई निर्माण झाली. पेट्रोल वाचविण्यासाठी सरकारने काही रविवारी मोटारी चालविण्यास बंदी केली. त्या रविवारी रुंद राजमार्गांवर लोक पायी व सायकलवरून फिरू लागले. कित्येक वर्षांनंतर त्यांना आपल्या शहराची शांतता ऐकू आली. रस्ते निराळे असू शकतात, हे त्यांनी डोळ्यांनी पाहिले.

अशा वातावरणात, १९७५ साली, सायकलस्वारांची ही संघटना जन्मास आली. घोषणांनी लोक जागे होतात. परंतु रस्ता बदलण्यासाठी घोषणा पुरत नाहीत, हे तिच्या सभासदांनी ओळखले. म्हणून त्यांनी मोजमापाची कास धरली. अमुक चौकात तासाभरात किती सायकली जातात, दिव्यापाशी किती क्षण थांबावे लागते, वाट किती रुंद आहे, याच्या नोंदी त्यांनी केल्या. पुढे तर या संघटनेने उपकरणे बसविलेली सायकल शहराशहरांतून फिरविली. रस्त्याचे खाचखळगे, वाटेतील खोळंबा व वाहनांचा गोंगाट ही सारी त्या सायकलवर मोजली जात. नुसती तक्रार टाळता येते. मोजून दाखविलेली गोष्ट टाळणे कठीण असते.

यादी तयार झाली की, संघटनेचे लोक नगरपालिकेकडे जातात. तेथील समित्यांपुढे सामान्य नागरिकालाही काही मिनिटे बोलण्याची संधी मिळते. पहिल्या खेपेस काम झाले नाही, तर ते पुन्हा जातात. तीच मागणी पुढील वर्षीच्या यादीत पुन्हा येते. एखादा चौक सुधारण्यास कित्येक वर्षे लागतात. चिटणीस बदलतात, नगरपालिकेतील अधिकारी बदलतात. पण वहीतील नोंद कायम राहते. वार्षिक सभेचे महत्त्व येथेच आहे. माणसाला विसर पडतो. सभेच्या वहीला पडत नाही.

अशा प्रयत्नांचे फळ हळूहळू दिसू लागले. वस्तीतील ज्या गल्ल्यांत वाहनांनी माणसाच्या चालीने जावे, असा नियम असतो, त्या गल्ल्यांना १९७६ साली कायद्याची मान्यता मिळाली. मोठ्या रस्त्यांच्या कडेने सायकलींच्या स्वतंत्र वाटा झाल्या. चौकांच्या कोपऱ्यांवर छोटे उंचवटे बांधण्यात आले. त्यांमुळे वळणाऱ्या मोटारीला वेग कमी करावा लागतो व चालकाला सायकलस्वार समोर दिसतो. प्राथमिक शाळांतून मुलांची रहदारीची परीक्षा घेतली जाते. १९७१ साली जेथे तीन हजारांवर बळी गेले, तेथे २०२३ साली रस्त्यांवर ६८४ जण मरण पावले. वास्तविक या काळात वाहने कितीतरी पटींनी वाढली होती. मुलांच्या मृत्यूंची संख्या तर शेकड्यांतून दोन अंकांवर आली. हे सारे श्रेय एकट्या संघटनेचे नव्हे. सुरक्षित मोटारी, कडक कायदे व चांगली रुग्णालये यांचाही त्यात मोठा वाटा आहे. तथापि रस्ते बदलावेत ही मागणी प्रथम सामान्य माणसांनीच केली, हे विसरता येणार नाही.

मग आता तरी सभेचे काम संपले काय? नाही. २०२३ साली मरण पावलेल्या ६८४ जणांत २७० सायकलस्वार होते. त्यांत वृद्धांची संख्या मोठी होती. विजेवर चालणाऱ्या सायकलींमुळे वाटांवरील वेग वाढला आहे आणि चाळीस वर्षांपूर्वी पुरेशा वाटणाऱ्या वाटा आता अरुंद पडू लागल्या आहेत. म्हणून अजूनही दरवर्षी सायकली दाराबाहेर उभ्या राहतात, इतिवृत्त वाचले जाते, हिशेब तपासला जातो, आणि अखेरीस तोच प्रश्न विचारला जातो, “आपणांस काही सांगावयाचे आहे काय?”

त्या सभेत बोललेल्या आईचे म्हणणे एखाद्या वर्षी मान्य होते. शाळेजवळच्या चौकातील हिरवा दिवा आणखी काही क्षण जळत राहतो. दुसऱ्या दिवशी सकाळी एक लहान मुलगी सायकलवरून तो चौक ओलांडते आणि पलीकडे सुखरूप पोहोचते. तिच्यासाठी कोणी सभा भरविली होती, कोणी यादी लिहिली होती, कोणी नगरपालिकेच्या पायऱ्या झिजविल्या होत्या, हे तिला ठाऊकही नसते. ते ठाऊक असण्याची आवश्यकताही नाही. सार्वजनिक काम करणाऱ्यांचे खरे पारितोषिक हेच की, ती मुलगी संध्याकाळी घरी परत येते.

स्वाध्याय

१. पुढील प्रश्नांची उत्तरे प्रत्येकी चार-पाच वाक्यांत लिहा.
(अ) वार्षिक सभेचा खरा प्राण अखेरीस असतो, असे लेखकाने का म्हटले आहे?
(आ) लांगनहोफ यांनी आपल्या दुःखातून समाजापुढे कोणता विचार मांडला?
(इ) दे पैप वस्तीतील मुलांनी काय केले? त्यांच्यापैकी एक होऊन ती हकिकत सांगा.
(ई) “माणसाला विसर पडतो, सभेच्या वहीला पडत नाही.” या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.

२. पुढील शब्दप्रयोगांचा अर्थ सांगून वाक्यांत उपयोग करा.
जीव मुठीत धरणे, कास धरणे, गळी उतरविणे, माघार घेणे, पायऱ्या झिजविणे.

३. तुमच्या घरापासून शाळेपर्यंतच्या वाटेवर मुलांना धोक्याच्या वाटणाऱ्या जागा कोणत्या, ते वर्गात चर्चा करून ठरवा. त्यांची यादी करा, व त्यांपैकी एका जागेविषयी आपल्या ग्रामपंचायतीस किंवा नगरपालिकेस विनंतीपत्र लिहा.