बल्ब लागला म्हणजे तार चांगली का? – जुनी गाडी, होडी आणि विद्युत परिपथ



परिपथ शिकवताना आपण फळ्यावर एक सेल, एक बल्ब आणि एक कळ काढतो. परिपथ पूर्ण झाला की बल्ब लागतो, तुटला की विझतो. मुलांना हे पटतं. पण जुन्या गाडीत किंवा होडीत बिघाड बऱ्याचदा मधलाच असतो. हॉर्न घोगरा वाजतो, दिवा मिणमिणतो, सेल्फ मारला की नुसतं 'टक्' होतं. घरात निदान ठरलेलं: बॅटरी गेली! नवी बॅटरी येते, काही हजार रुपये जातात आणि थोड्या दिवसांनी पुन्हा तेच. म्हणून हा पाठ मुलांइतकाच पालकांसाठीही आहे.

आधी मुलांना एक प्रश्न विचारा. गाडीच्या दिव्याला बऱ्याचदा एकच तार का दिसते? कारण परतीचा रस्ता म्हणजे गाडीचा पत्रा. बॅटरीचं ऋण टोक बॉडीला आणि इंजिनला जोडलेलं असतं. मेकॅनिक त्याला 'अर्थ' म्हणतात. (नावावर जाऊ नका, जमिनीशी त्याचा संबंध नाही. खाली रबरी टायर आहेत.) पत्रा गंजला, नट सैल झाला की परतीच्या रस्त्यात रोध वाढतो.

याचं झकास उदाहरण जुन्या जीपच्या मागच्या दिव्यात सापडतं. ब्रेक दाबला की इंडिकेटरही मंद उजळतो. दोन्ही बल्बची अर्थ एकच असते आणि ती गंजलेली असते. मग ब्रेकची विद्युतधारा इंडिकेटरच्या बल्बमधून उलटी शिरते आणि पुढच्या इंडिकेटरच्या अर्थमधून परतते. बल्ब बदलून काय होणार? तो स्क्रू काढा, पत्रा पॉलिश पेपरने चकचकीत घासा, पुन्हा घट्ट बसवा.

आता खरी गंमत. अशा खराब तारेवर मल्टिमीटर लावला तर तो १२ व्होल्ट दाखवतो! तारेतली एकच बारीक काडी शाबूत असली तरी दाखवतो, कारण मीटर स्वतः जवळजवळ धारा घेतच नाही. आणि विभवांतर हरवतं ते धारा वाहते तेव्हाच. व्होल्ट = अँपिअर × ओहम, हे सूत्र इथे जिवंत होतं. सांध्याचा रोध फक्त ०.०१ ओहम धरा. हॉर्नच्या ४ अँपिअरला तिथे ०.०४ व्होल्ट जातात, म्हणजे काहीच नाही. सेल्फला १५० अँपिअर लागले तर १.५ व्होल्ट तिथेच जातात. म्हणून हॉर्न वाजतो आणि सेल्फ फिरत नाही.

त्यामुळे मोजायचं ते काम चालू असताना. मीटरचं एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर, दुसरं इंजिनच्या स्वच्छ धातूवर धरा आणि दुसऱ्या माणसाला सेल्फ मारायला सांगा. साधारण ०.२–०.३ व्होल्टपर्यंत ठीक. एक व्होल्ट आला तर अर्थची पट्टी तपासा. बॅटरीला दोष देऊ नका.

होडीत नियम बदलतो. लाकूड किंवा फायबर वीज वाहून नेत नाही, म्हणून दिवे-पंपांना जाण्यायेण्याच्या दोन्ही तारा हव्यात. शिवाय खारी हवा आवरणाच्या आत शिरून तांबं काळंहिरवं करते. वरून तार नवीच दिसते. टोक सोलून बघा आणि लखलखीत तांबं लागेपर्यंत कापत जा. बदलायचीच असेल तर कथिलाचा मुलामा असलेली तार घ्या, ती खाऱ्या हवेत जास्त टिकते. होडीच्या तळातलं पाणी उपसणारा पंप अशाच एका सांध्यावर अडला तर समुद्रात मेकॅनिक कुठून आणणार?

आणि पालकहो, फ्यूज उडाला म्हणून तिथे तारेचा तुकडा किंवा चांदी घालू नका. मग फ्यूजऐवजी तार तापते, आणि ती डिझेलच्या टाकीशेजारून गेलेली असू शकते.

वर्गात गाडीची बॅटरी आणायची नाही. तिचा झटका बसत नाही, पण दोन खांबांवर पाना पडला तर तो लाल होतो. आपल्याला दीड व्होल्टचे दोन सेल, टॉर्चचा जुना काचेचा बल्ब आणि एक गंजका खिळा पुरे. एलईडी नको, तो इतकी कमी धारा घेतो की खराब तारेवरही ऐटीत लागतो. खिळा परिपथात जोडा. बल्ब काढून मीटर लावा: जवळपास ३ व्होल्ट. बल्ब लावून पुन्हा त्याच्या दोन टोकांवर मोजा: आकडा घसरतो. मग मुलांकडूनच खिळा घासून घ्या आणि तिसऱ्यांदा मोजा. तिन्ही आकडे वहीत लिहायला लावा. एका तासिकेत हे बसत नाही, सलग दोन तासिका घ्या आणि खिळे दोन दिवस आधी मिठाच्या पाण्यात टाकून ठेवा.