दहा मिनिटांचा संख्यासंवाद

गणिताच्या तासाला आम्ही अंकलेखन घेत होतो. ‘पस्तीस’ असे म्हणताच दुसरीतील एका विद्यार्थ्याने पाटीवर ५३ लिहिले. आम्ही फुली मारली आणि पुढे गेलो. तो विद्यार्थी पाथर्डी तालुक्यातील ऊसतोड कुटुंबातला. दर हंगामात त्याची शाळा सुटत असे. त्यानंतर कित्येक दिवस त्याने वर्गात तोंड उघडले नाही. अखेर जवळ बसवून विचारले, तेव्हा तो म्हणाला, “गुरुजी, आधी पाचच आलं ना? मग तीस.”

त्याचे कान चुकले नव्हते. मराठीत एकक आधी उच्चारले जाते आणि लिहिताना दशक आधी येतो. ‘एकोणतीस’ मध्ये तर तीस ऐकू येतात, परंतु संख्या असते २९. ही अडचण ओळखूनच २०१९ साली ‘बालभारती’च्या दुसरीच्या पुस्तकात ‘एकवीस’ सोबत ‘वीस एक’ असेही वाचन देण्यात आले. त्यावर विधिमंडळापर्यंत वाद झाला आणि गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर यांना त्यामागील भूमिका पुनःपुन्हा समजावून सांगावी लागली. कोणत्या नावाने संख्या वाचावी याविषयी मतभेद असू शकतात. परंतु मुलाच्या मनात ती संख्या कशी उमटते हे विचारल्याशिवाय कळत नाही, याविषयी दुमत नसावे.

म्हणून आम्ही तासाची पहिली दहा मिनिटे संख्यासंवादासाठी राखून ठेवली. या वेळेत पाटी-पेन्सिल नाही, गुण नाहीत, घाई नाही. उत्तर सुचले की हात उंचावायचा नाही. मुठीचा अंगठा छातीशी धरायचा. त्यामुळे सावकाश विचार करणारा विद्यार्थी दबत नाही.

सोमवारी ठिपक्यांचे पत्रक क्षणभर दाखवून ‘किती?’ इतकेच नव्हे, तर ‘कसे दिसले?’ हे विचारतो. सात ठिपके कोणाला चार आणि तीन दिसतात, कोणाला पाच आणि दोन. मंगळवारी तोंडी हिशेब : ४८ आणि २७ किती? एकजण २७ मधील दोन ४८ ला देऊन ५० आणि २५ करतो. दुसरा ६० आणि १५ करतो. दोन्ही रीती फळ्यावर लिहितो. बुधवारी वाटीतील चिंचोक्यांचा आधी अंदाज, मग दहा-दहाचे ढीग. गुरुवारी ‘आजची संख्या’ : ३६ म्हणजे तीन डझन, ४० उणे ४, सहा सक आणि जुन्या दिडकीप्रमाणे चोवीसची दीडपट. शुक्रवारी शून्य ते शंभर अशी दोरी ताणून संख्येची जागा शोधणे.

शनिवारी वरच्या वर्गांसाठी देवळालीचे शाळाशिक्षक द. रा. कापरेकर यांची ६१७४ ही संख्या घेतो. ३५२४ चे अंक उतरत्या व चढत्या क्रमाने लावून वजा करा : ५४३२ − २३४५ = ३०८७. पुढे ८७३० − ०३७८ = ८३५२ आणि ८५३२ − २३५८ = ६१७४. चारही अंक सारखे नसतील, तर जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येतेच. वजाबाकीचा असा सराव मुले आपणहून मागतात.

पाढ्यांच्या पाठांतराला आमचा विरोध नाही. पाठांतराने वेग येतो. संवादाने कारण कळते. निवासी शाळेत हा संवाद वर्गापुरता राहत नाही. भोजनगृहात बारा-बारांच्या आठ पंगती बसल्या, तर ताटे किती? दहा अठ्ठे ऐंशी आणि दोन अठ्ठे सोळा, असा हिशेब वाढपी मुलेच करतात.

एका शुक्रवारी त्याच विद्यार्थ्याला दोरीवर पस्तीस दाखवण्यास सांगितले. तो तीन दशके चालला, चाळीसच्या अलीकडे अर्ध्यावर थांबला आणि म्हणाला, “तीन दहा झाले, वर पाच.” सहकारी शिक्षकांना आमची एवढीच विनंती आहे : फुली मारण्यापूर्वी ‘कसे केलेस?’ असे एकदा विचारावे.