चिलीम भरावी कशी, पेटवावी कुठं

सभासद भावांनो, हट्टा-बालाघाटकडं जाळं शिवता शिवता चिलीम फिरतेच. ठासून भरली की ओढत नाही. मग फुंकावं लागतं अन् ठिणग्या उडतात.

आधी तळाशी खडा टाका, म्हणजे राख तोंडात येत नाही अन् हवा बाजूनं खेळते. तंबाखू हातानं मोकळी करा. खाली सैल ठेवा, वर हलकी दाबा. विस्तव ठेवण्याआधी कोरडा झुरका घ्या. हवा अडली तर परत भरा.

आपलं नायलॉन २२० ते २६० अंश सेल्सिअसला वितळतं, निखारा ५०० च्या वर असतो. एका ठिणगीत जाळ्याला भोक पडतं. म्हणून जाळं अन् डिझेलपासून दूर बसूनच पेटवा.

सुटका हवी असेल तर तंबाखू सोडण्यासाठी मोफत फोन: १८००-११-२३५६.