आगगाडीची प्रतिकृति

खेळणें निराळें व प्रतिकृति निराळी. प्रतिकृतींत प्रत्येक माप एकाच प्रमाणानें घटलें पाहिजे. इंग्लंडांत फुटास ४ मिलिमीटर हें प्रमाण रूढ आहे. तेथील जुन्या उपनगरी डब्यांत प्रत्येक कप्प्यास दोन्ही अंगांस स्वतंत्र दार असे. तीं सारीं दारें कारागीर मुठींसह घडवितात. परंतु चाकांपाशीं सत्य ढळतें. तेथील रुळांतील अंतर ४ फूट ८॥ इंच, म्हणजे प्रतिकृतींत १८.८३ मिलिमीटर हवें. बाजारांत मात्र रूळ १६.५ चेच! लहान इंजिनांत मोटर मावेना, म्हणून रूळ ३.५ मिलिमीटर प्रमाणाचे ठेवून गाडी तेवढी मोठी केली. ही तडजोड आम्हांस रुचत नाहीं.

विद्यार्थ्यांनो, आपल्या साकीनाक्यावरून २०१४ सालीं सुरू झालेली मेट्रो इंग्लंडच्याच मापाच्या रुळांवर धावते. तिनें घाटकोपरास जावें, तों तेथें लोकल! मुंबईची पहिली विजेची लोकल ३ फेब्रुवारी १९२५ रोजीं व्हिक्टोरिया टर्मिनसहून कुर्ल्यास गेली. लोकलचे रूळ ५ फूट ६ इंचांचे, म्हणजे प्रतिकृतींत बरोबर २२ मिलिमीटर; आजचा डबा १२ फूट रुंद, म्हणजे ४८. असा डबा १६.५ च्या तयार चाकांवर ठेवल्यास काठीवर टोपली ठेवल्यासारखा दिसतो. म्हणून चाकें सुटीं घ्यावीं आणि लांब आंसावर स्वतः बसवावीं.