नागपूरच्या हवेत कोणते पिस्तूल?

प्रश्न : माझी तेरा वर्षांची मुलगी दहा मीटर एअर पिस्तूल शिकते आहे. एका जुन्या नेमबाजाकडून कार्बन डायऑक्साइडवर चालणारे पिस्तूल निम्म्याहून कमी किमतीत मिळते आहे. प्रशिक्षक मात्र म्हणतात, दाबलेल्या हवेवरचेच घ्या. कार्बन डायऑक्साइडची ताकद कमी पडते का?
— एक पालक, नागपूर

उत्तर : ताकद मुळीच कमी पडत नाही. या पिस्तुलातून जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा छर्रा सेकंदाला दीडशे मीटरच्या आसपास वेगाने सुटतो. तेवढे काम सीओटू आरामात करतो. 1988 साली सोलच्या ऑलिंपिकमध्ये एअर पिस्तूल पहिल्यांदा आले, त्या काळात सीओटूची पिस्तुले चांगलीच नावाजलेली होती. स्प्रिंगच्या पिस्तुलासारखा जड दट्ट्या त्यांत धावत नाही, त्यामुळे हाताला धक्का जवळपास बसत नाही. दर शॉटला जोर लावून लीव्हर ओढायची दगदगही नाही.

पण नेमबाजाला वेग जास्त नको असतो, दर वेळी तोच हवा असतो. सीओटू इथे अडतो.

त्याच्या सिलिंडरमध्ये वायू द्रवरूपात असतो, घरच्या स्वयंपाकाच्या गॅससारखा. आत द्रव शिल्लक आहे तोवर दाब किती राहणार हे फक्त तापमान ठरवते : 10 अंशांना सुमारे 45 बार, 20 अंशांना 57, तर 30 अंशांना 72. म्हणजे नागपुरातल्या जानेवारीच्या सकाळी आणि मार्चच्या दुपारी तुमच्या मुलीच्या हातात दोन निराळी पिस्तुले असतील. भराभर शॉट मारले तरी हेच होते, कारण द्रवाची वाफ होताना सिलिंडर गार पडतो आणि दाब उतरतो.

याने निशाण्यावर किती फरक पडतो? हवेचा अडथळा सोडून दिला, तर दीडशे मीटर वेगाचा छर्रा दहा मीटर जाईपर्यंत सुमारे 22 मिलिमीटर खाली येतो. वेग एकशेचाळीसवर आला की 25 मिलिमीटर. फरक तीन मिलिमीटरचा. दहाचे वर्तुळ 11.5 मिलिमीटर व्यासाचे, म्हणजे मध्यापासून कडेपर्यंत पावणेसहा. त्यातले निम्म्याहून जास्त नुसत्या थंडीने खाल्ले! मुलीचा हात स्थिर, चापही अलगद दाबला, तरी छर्रा खाली. आपले काय चुकले हे ती शोधत बसेल, आणि शिकण्याच्या वयात याहून वाईट काही नाही.

उन्हाळ्यात वेगळेच घडते. 31 अंशांच्या वर सीओटू द्रव राहूच शकत नाही. मग दाब ठरतो तो सिलिंडर किती भरला आहे यावरही. दाब फार वाढला की झडप घट्ट बसते, हातोडीच्या नेहमीच्या ठोक्याने पुरती उघडत नाही, आणि वेग वाढायच्या ऐवजी घटू शकतो. ठासून भरलेला सिलिंडर मे महिन्यात बंद गाडीत राहिला तर सरळ धोकाच. म्हणून सीओटू नेहमी वजन करून भरायचा. गेजवर विसंबून चालत नाही, कारण द्रव संपेपर्यंत काटा किती शिल्लक आहे ते सांगतच नाही.

हवेच्या सिलिंडरमध्ये 200 बारपर्यंत दाब असतो. तापमान 10 वरून 40 अंशांवर गेले तर तो दहा टक्क्यांच्या आसपास वाढतो. पण मध्ये रेग्युलेटर असतो. सिलिंडरमध्ये 180 बार असोत की 100, तो झडपेपर्यंत ठरलेला कमी दाबच पोचू देतो. साठ शॉटच्या सामन्यात पहिला आणि शेवटचा शॉट सारखा जावा, हे या एका पुर्ज्यामुळे जमते. 1990च्या दशकात नेमबाज हवेकडे वळले ते यासाठीच. गेजही खरे बोलतो : काटा उतरला, की हवा संपत आली.

म्हणून तुमच्या प्रशिक्षकांचे ऐका. एक गोष्ट मात्र कोणी कितीही सुचवली तरी करू नका : सीओटूच्या सिलिंडरमध्ये 200 बारची हवा भरणे. तो सिलिंडर आणि ते पिस्तूल त्या दाबासाठी बनलेले नाही. काही मॉडेल कंपनीकडून बदलून मिळत असत, पण ते सुटे भाग घालून केलेले काम होते.

पैशांचीच अडचण असेल तर लीव्हरचे पिस्तूल बघा. दर शॉटआधी एकदा लीव्हर ओढून हवा दाबायची. सिलिंडर नाही, भरणे नाही. रशियातल्या इझेव्हस्कचे आयझेडएच-46 या जातीचे. साठ वेळा लीव्हर ओढून खांदा भरून येतो, हे खरे. पण नेम चोख राहतो.

जुने हवेचे पिस्तूल मिळालेच तर आधी सिलिंडरवर कोरलेली तारीख वाचा. दहा वर्षे उलटलेला सिलिंडर बाद समजा; त्याची मुदत पाहणे ही आंतरराष्ट्रीय नियमांतही नेमबाजाचीच जबाबदारी आहे. रेंजवर हवा भरायची सोय आहे का, तेही विचारा. नसेल तर हातपंप घ्यावा लागेल. त्याने 200 बार गाठता येतात, पण शेवटचे दाब तेरा वर्षांच्या मुलीच्या आवाक्यातले नाहीत. ते तुम्हालाच मारावे लागतील.